५०० दिसतंय, ५०० घेतलं तरी परत ५००च! डेप्थमध्ये नेमकं दिसतं तरी काय?

उद्यमबाग_मोल्डर | शनिवार, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. सेकंड शिफ्ट असली की सकाळी मोकळा असतो, तेव्हा मार्केट बघतो. शेअरचं नाव सांगत नाही, नाहीतर धागापाल कुलूप लावणार.

गुरुवारची गोष्ट. भाव ८४ च्या आसपास. डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती नग खरेदी-विक्रीला लागलेत ती यादी, उघडून बसलेलो. विकणाऱ्यांच्या बाजूला पहिली ओळ: ८४.२०, ऑर्डर १, नग ५००. मी ३०० घेतले, लगेच मिळाले. ओळीत २०० उरले, इथपर्यंत हिशेब बरोबर. तेही कोणीतरी उचलले. म्हटलं आता भाव सरकणार वर. कशाचं काय! परत ८४.२०, ऑर्डर १, नग ५००. परत गेले, परत आले. शेवटी पोराच्या वहीचं पान फाडून रेघा मारत बसलो. पावणेअकरापर्यंत १८ रेघा झाल्या. म्हणजे ९,००० शेअर गेले आणि ओळ आहे तशीच. आमच्या भट्टीतलं लोखंडसुद्धा ओतलं की कमी होतं ओ.

दुसरं गाऱ्हाणं. मला अजून २०० हवे होते, म्हणून खरेदीला ८३.९० लावली. लगेच माझ्या डोक्यावर ८३.९१ ला कोणीतरी उभा. मी ८३.९२ केलं, तो ८३.९३. मी ऑर्डर काढून घेतली तर तोही गायब! माझ्या मोबाइलमध्ये कोण बसलंय काय?

ॲप बिघडलंय, की माझी ऑर्डर कोणाला दिसते, की मीच येडा, कोणीतरी सांगा.

हिंडलगा_०७ | ११:२२

ऑपरेटर.

उद्यमबाग_मोल्डर | ११:२५

ते कळलं गा. ऑपरेटर म्हणजे कोण, आणि तो करतो काय, ते सांग की.

हिंडलगा_०७ | ११:२६

ते माहीत असतं तर मी हिंडलग्यात असतो काय.

खानापूर_कोडर | दुपारी १२:०५

दादा, ॲप ठीक आहे. ब्रोकरच्या सॉफ्टवेअरवर काही वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो.

तुम्हाला दिसली ती बहुतेक 'डिस्क्लोज्ड क्वांटिटी'ची ऑर्डर, म्हणजे नग झाकलेली ऑर्डर. ऑर्डर टाकताना तो एक रिकामा रकाना असतो आणि आपण कोणी त्याला हात लावत नाही. समजा मला ५,००० विकायचे आहेत आणि त्यात ५०० लिहिले, तर एक्स्चेंजकडे पूर्ण ५,००० ची ऑर्डर जाते, पण बाकीच्यांच्या पडद्यावर ५००च उमटतात. ते संपले की पुढचे ५०० आपोआप वर येतात. भाव तोच, ऑर्डर १च. तुम्ही मारलेल्या रेघा अगदी बरोबर आहेत.

यात एक्स्चेंज एक किंमत वसूल करतं. नवीन वर आलेल्या ५०० ना जुना नंबर मिळत नाही, त्या भावाच्या रांगेत ते शेवटी जातात. ८४.२० ला आणखी कोणी उघडपणे उभा असता तर आधी त्याचा माल गेला असता. लपायचं असेल तर मागं उभं राहा, असा सरळ सौदा आहे. तुमच्या वेळी रांगेत दुसरा कोणीच नव्हता, म्हणून त्याला काही फरक पडला नाही.

आणखी एक. तुम्ही ३०० ऐवजी ८४.२० ची लिमिट (याहून महाग नको, ही अट) लावून सरळ २,००० मागितले असते, तरी पूर्ण मिळाले असते, कारण झाकलेला माल विक्रीलाच असतो. फक्त दिसत नाही.

शहापूर_वैनी | १२:३१

म्हणजे डेप्थमध्ये ५०० दिसतात म्हणून आपण घाबरून ५०० च मागतो, आणि आत पोतं भरलेलं असतं! आणि माझ्याबाबतीत नेमकं उलटं झालं होतं. लिहिते जरा वेळानं, गॅसवर दूध आहे.

टिळकवाडीचे_काका | १२:५०

कोडर, तुमचं उत्तर चांगलं आहे, पण हिशेब पूर्ण झाला नाही. नियमानुसार दाखवायचा भाग एकूण ऑर्डरच्या किमान १० टक्के असावा लागतो. म्हणजे ५०० दाखवून जास्तीत जास्त ५,००० ची ऑर्डर लावता येते. मोल्डरनी १८ रेघा मारल्या, ९,००० नग. एका ऑर्डरमध्ये ते बसत नाहीत.

खानापूर_कोडर | १:०२

काका, पकडलंत 🙏 बरोबर आहे. मग दोन शक्यता राहतात. एक ऑर्डर संपली आणि त्यानंच दुसरी टाकली. किंवा हा एक्स्चेंजचा रकाना नव्हेच, ब्रोकरकडचं 'आइसबर्ग' किंवा अल्गो (आपोआप ऑर्डरी टाकणारा प्रोग्राम) होतं. त्यात एक्स्चेंजकडे पूर्ण ऑर्डर जातच नाही. मोठ्या ऑर्डरचे तुकडे ब्रोकरच्या सर्व्हरवर थांबतात, पहिला तुकडा भरला की दुसरा निघतो. इथं १० टक्क्यांचं बंधन लागत नाही, कारण एक्स्चेंजच्या लेखी ती प्रत्येक वेळी ५०० चीच नवी, पूर्ण उघडी ऑर्डर असते.

फरक असा की पहिल्या प्रकारात पुढचे ५०० त्याच यंत्रात तयार असतात. दुसऱ्या प्रकारात दोन तुकड्यांमध्ये क्षणभर ओळ खरोखरच रिकामी असते, आणि तेवढ्यात मोठी मागणी आली तर भाव पुढच्या ओळीवर उडी मारतो. आपल्या मोबाइलवर हे ओळखता येत नाही. आपल्याकडे मधेमधे टिपलेले फोटो येतात, चालता सिनेमा नाही.

निपाणी_मामा | १:४०

लई दिवसांनी चांगला धागा. ह्यात नवीन काय न्हाई बघा. आमचा आज्जा बैलं घ्यायला जनावरांच्या बाजारात जायचा तवा दलाल हातावर रुमाल टाकायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव. बाजूला चाळीस माणसं हुभी, पण भाव फक्त त्या दोघास्नी. आमी पोरं रुमाल कुठं हलतोय ते बघून अंदाज करायचो. तुमचा त्यो डिस्क्लोज म्हंजे रुमालच की.

एपीएमसी_रताळं | २:१५

मामा, थोडा फरक आहे. रुमालाखाली भाव लपतो. इथं भाव उघडा, नग झाकलेला.

मी यार्डात रताळी-बटाट्याचं बघतो. आमच्याकडं पोती फोडून ढीग दिसतो, सौद्यात आकडा मोठ्यानं बोलला जातो. माल उघडा, भाव उघडा, बोलणारा माणूसही उघडा. तो किती घेणार हे मात्र त्याच्या पोटात. आणि ई-टेंडर बघा, कर्नाटकात आहे, ब्याडगीला मिरचीचा मोठा बाजार त्याच्यावर चालतो. तिथं व्यापारी आपला आकडा भरतो, दुसऱ्याचा दिसत नाही, वेळ संपली की कोणाचा मोठा ते कळतं. म्हणजे तिथं भाव झाकलेला आणि माल उघडा. शेअरवाल्यांनी नेमकं उलटं केलंय.

मला विचाराल तर शेतकऱ्याला ई-टेंडर बरं. सौद्यात चार व्यापारी एकमेकांचं तोंड बघून थांबतात. (धागा भरकटतोय, गप्प बसतो.)

टिळकवाडीचे_काका | २:४५

भरकटत नाही, मुद्द्यावरच आहे. शेअरबाजारात माणूस झाकलेला असतो, हे मात्र कोणी लिहिलं नाही.

बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्या काळी बेळगावहून शेअर घ्यायचा म्हणजे सब-ब्रोकर मुंबईला ट्रंक कॉल लावणार, मुंबईचा माणूस रिंगमध्ये ओरडून सौदा करणार, आणि आपल्याला तो सांगेल तो भाव. त्या दिवशीचा सगळ्यात वरचा भाव नेमका आमच्याच वाट्याला कसा यायचा, हे कोडं मला कधी सुटलं नाही. नोव्हेंबर १९९४ मध्ये एनएसई या नव्या शेअरबाजारानं शेअरचे व्यवहार पडद्यावर आणले, उपग्रहाच्या तबकड्यांवरून गावोगावी टर्मिनल गेले. १९९५ मध्ये बीएसई, म्हणजे मुंबईचा जुना शेअरबाजारही पडद्यावर आला. तेव्हापासून नियम दोनच: आधी चांगला भाव, भाव सारखा असेल तर आधी आलेला. समोर कोण आहे हे कोणालाही दिसत नाही. मोल्डरच्या २०० शेअरवर नाव नसतं आणि मोठ्या फंडाच्या दोन लाखांवरही नसतं.

नाव कळतं ते नंतर. कंपनीच्या एकूण शेअरच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त उलाढाल एकाच ग्राहकानं एका दिवसात केली, तर 'बल्क डील' म्हणून संध्याकाळी नावासकट जाहीर होतं. तोवर सगळे बुरख्यात.

उद्यमबाग_मोल्डर | ३:०५

काका, मग माझ्या डोक्यावर एक पैसा लावणारा कोण? त्याला मी दिसल्याशिवाय कसं जमतं?

खानापूर_कोडर | ३:३०

दादा, त्याला तुम्ही दिसत नाही, तुमची ओळ दिसते. ८३.९० ला २०० नग आले, एवढं सगळ्यांनाच दिसतं. लिमिट ऑर्डर टाकणं म्हणजे गल्लीत पाटी लावणंच. यंत्राला सांगून ठेवलेलं असतं, सगळ्यात वरच्या खरेदीच्या एक पायरी वर उभं राहा. तुम्ही सरकलात, ते सरकलं. तुम्ही गेलात, त्याचं कारण संपलं.

जून २०२४ मध्ये २५० रुपयांखालच्या शेअरच्या भावाची किमान पायरी ५ पैशांवरून १ पैशावर आली. आधी तुमच्या पुढं उभं राहायला त्याला शेअरमागं ५ पैसे मोजावे लागायचे, आता १ पैसा. तुम्ही अर्धा तास रांगेत थांबून मिळवलेला नंबर तो १ पैशात घेतो. खरेदी-विक्रीच्या भावातली दरी कमी झाली हे खरं, पण रांगेची किंमतही गेली.

आणि तुम्ही ८३.९० चं ८३.९२ केलंत ना, तेव्हा तुमचाही जुना नंबर गेला. भाव बदलला किंवा नग वाढवला की रांगेत नव्यानं उभं राहायचं. नग कमी केला तर जागा टिकते. ते यंत्र दमणार नाही दादा, तुम्ही दमाल. हव्या त्या भावाला लावा आणि शिफ्टला जा.

शहापूर_वैनी | ४:१०

आले. हे माझं उलटं प्रकरण.

गेल्या दिवाळीआधी एक छोटा शेअर ४०० नग घ्यायचा होता. ॲपवर मोठ्या अक्षरात २१२ दिसत होतं. मी 'मार्केट' (मिळेल त्या भावाला) दाबलं आणि निवांत. नंतर सरासरी बघते तर २१७.७३! ब्रोकरच्या हेल्पलाइनवर भांडले. त्या मुलीनं शांतपणे सगळे सौदे वाचून दाखवले: ४० नग २१२ ला, ६० नग २१३.५० ला, १०० नग २१६ ला, २०० नग २२१ ला. एकूण ८७,०९०. २१२ नं झाले असते ८४,८००. दोन हजार दोनशे नव्वद रुपये मी एका बोटानं उडवले. यजमानांना अजून सांगितलेलं नाही, ते हा धागा वाचत नाहीत म्हणून लिहिते.

त्या ओळी सगळ्या डेप्थमध्ये होत्या हो. मी उघडलंच नव्हतं. मोठ्या अक्षरातला भाव म्हणजे शेवटचा झालेला सौदा, पुढचा मिळणारा भाव नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

निपाणी_मामा | ४:२२

वैनी, यजमान वाचतात. मी वळखतो त्यास्नी 😄

शहापूर_वैनी | ४:२४

मामा!!

जॅकपॉट_टिप्स_बेळगाव | ४:५०

रोज खात्रीशीर कमाई, इंट्राडे जॅकपॉट, ग्रुपला जॉइन व्हा

धागापाल | ४:५८

वरचा सदस्य काढला आहे. कुठलाही शेअर, ग्रुप, टार्गेट इथं चालणार नाही. चर्चा छान चालली आहे, चालू द्या.

हिंडलगा_०७ | ५:३०

माझा स्टॉपलॉस (भाव अमुक इतका पडला की आपोआप विकायची ऑर्डर) मात्र नक्की कोणीतरी बघतो. खाली येऊन, माझा उडवून, परत वर जातं. शंभर वेळा झालंय. हे तरी मान्य करा.

टिळकवाडीचे_काका | ६:१५

मान्य नाही. स्टॉपलॉस ऑर्डर एक्स्चेंजच्या वेगळ्या वहीत पडून असते. तिचा ट्रिगर भाव येईपर्यंत ती डेप्थमध्ये येत नाही. ट्रिगर लागला की मग नेहमीच्या वहीत उतरते. जीटीटी (भाव आला की टाक, असं ब्रोकरला सांगून ठेवलेली ऑर्डर) तर त्याहून मागं, ब्रोकरच्या सर्व्हरवर थांबते, एक्स्चेंजला तिचा पत्ताही नसतो.

तुम्ही स्टॉपलॉस कुठं लावता? १०० च्या खाली ९९.९०? कालच्या नीचांकाच्या पाच पैसे खाली? तुमच्यासारखे हजार लोक तिथंच लावतात. त्यासाठी कोणाला चोरून बघायची गरज नाही. परीक्षेच्या पेपराला 'गाईड' वाचून गेलेल्या वर्गाची उत्तरं मास्तरांना आधीच माहीत असतात, तसंच आहे.

तुमच्या ब्रोकरला तुमची ऑर्डर दिसू शकते, हे खरं. ग्राहकाची मोठी ऑर्डर बघून आधी स्वतः सौदा करणं हा गुन्हा आहे, आणि बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं त्यात लोकांना पकडलेलंही आहे. पण ते मोठ्या फंडांच्या ऑर्डरवर होतं. तुमच्या ५० शेअरसाठी कोणी तुरुंगात जायचा धोका पत्करणार नाही.

हिंडलगा_०७ | ६:२०

५० नाही, ७५ होते.

एपीएमसी_रताळं | ७:४०

माझा एक प्रश्न. डेप्थच्या खाली एकूण खरेदी आणि एकूण विक्रीचा आकडा येतो. भाच्यानं मला शिकवलं होतं, खरेदीचा आकडा दुप्पट असला की वर जाणार. त्याच्या नादानं एकदा अपर सर्किटला (दिवसात चढायच्या कमाल मर्यादेला) लागलेला शेअर घ्यायला रांगेत उभा राहिलो. तीन वाजता खरेदीला लाखो नग, विक्रीला शून्य. म्हटलं उद्या नक्की वर. सकाळी उघडला तो खाली. एवढे लाखो लोक रात्रीत गेले कुठं?

खानापूर_कोडर | ८:०५

कुठं गेले नाहीत, ते साडेतीनलाच संपले. ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, बाजार बंद झाला की वही कोरी. सकाळी ९ ला प्री-ओपनमध्ये (बाजार उघडण्याआधीच्या सत्रात) सगळं नव्यानं भरतं. तिथंही आठव्या मिनिटापर्यंत ऑर्डर टाकता, बदलता, काढता येते, शेवटच्या मिनिटात कधीही अचानक खिडकी बंद होते. त्या आधी दिसणारा सुरुवातीचा भाव नुसता अंदाज. ९:०३ ला बघून खूश होऊ नका.

आणि एकूण खरेदीच्या आकड्यात भावाच्या कितीतरी खाली लावलेल्या ऑर्डरीही असतात. ८४ च्या शेअरला कोणी ७० ला दहा हजार लावून ठेवले तर तो काय आज घेणार आहे? त्याला फुकट मिळालं तर हवंय.

टिळकवाडीचे_काका | ८:४०

फुकट मिळालं तर हवंय, हे निरुपद्रवी. पण घ्यायचंच नसताना लावणारेही असतात. त्याला स्पूफिंग म्हणतात. विकायचं असलं की खरेदीच्या बाजूला मोठाल्या ऑर्डरी उभ्या करायच्या, लोकांना वाटतं मागणी आहे, भाव थोडा सरकतो, आपला माल विकायचा आणि त्या मोठ्या ऑर्डरी काढून घ्यायच्या. एप्रिल २०२५ मध्ये सेबीनं अशाच प्रकारावर एका ब्रोकरविरुद्ध अंतरिम आदेश काढला. परदेशातलं गाजलेलं उदाहरण नविंदर सराओचं. लंडनच्या हाउन्स्लोमध्ये आईबापांच्या घरात बसून तो अमेरिकेच्या वायद्यांत हे करायचा. ६ मे २०१० ला डाऊ हा तिथला निर्देशांक काही मिनिटांत जवळपास हजार अंकांनी कोसळला, त्या दिवशीही त्याच्या ऑर्डरी बाजारात होत्या. पुढं त्यानं गुन्हा कबूल केला.

म्हणून मोल्डरना माझं सांगणं असं. ती ५०० ची ओळ तुम्हाला फसवी वाटली, पण ती प्रामाणिक होती. जेवढं दाखवलं तेवढं दिलं, वर आणखी दिलं. खोटी असते ती मोठी ओळ, जी हात लावायला गेलं की नसते.

खानापूर_कोडर | ९:१०

काका, यात आणखी एक जोडतो: दिसतं सगळ्यांना, पण एकाच वेळी नाही. एनएसईनं २०१० पासून स्वतःच्या सर्व्हरशेजारी ब्रोकरांना जागा भाड्यानं दिली. प्रत्येक ऑर्डरची बातमी तेव्हा एकेकाला पाळीपाळीनं जायची, सकाळी जो आधी जोडला त्याला आधी. २०१४ मध्ये सगळ्यांना एकदम पाठवायची पद्धत आली. आधीच्या त्या पद्धतीवरून एनएसईविरुद्ध सेबीचा आदेश ३० एप्रिल २०१९ चा. त्यातली ६२५ कोटींची वसुली जानेवारी २०२३ मध्ये सॅटनं (सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणारं न्यायाधिकरण) रद्द केली आणि १०० कोटी भरायला सांगितले. आपण मोबाइलवर पाच ओळी बघतो, काही ब्रोकरांकडं वीस. ती जागा घेतलेल्यांकडं प्रत्येक ऑर्डर, आली-गेली-बदलली, सगळं येतं.

निपाणी_मामा | ९:२५

म्हंजे रुमाल त्येंच्यासाठी जाळीचा.

उद्यमबाग_मोल्डर | सोमवार, दुपारी १:३५

मंडळी, सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आज परत बघालोय. सकाळी हेस्कॉमनं करंट काढला म्हणून उशीर झाला.

८४.२० ला विक्रीत परत तोच. ऑर्डर १, नग ५००. या वेळी मी सरळ १,२०० ची लिमिट टाकली. दिसत होते ५००, मिळाले १,२००, एका दमात, सगळे ८४.२० नंच. कोडर, तुझ्या नावानं एक प्लेट कुंदा. काका, तुकडे पाठवणारा असता तर मला आधी ५०० मिळून बाकीचे क्षणभर अडकले असते, नव्हं? म्हणजे आजचा तरी बहुतेक एक्स्चेंजच्या रकान्यातलाच.

मग चहा प्यायला उठलो. परत येऊन बघतोय तर विक्रीतली ओळ नाही. भाव ८४.६५. आणि खरेदीच्या बाजूला, ८४.२० ला, ऑर्डर १, नग ५००.

तोच की दुसरा?

टिळकवाडीचे_काका | १:५०

नाव कुठं लिहिलंय?

हिंडलगा_०७ | १:५१

ऑपरेटर.

शहापूर_वैनी | २:०५

मोल्डरदादा, तीनची शिफ्ट आहे ना? निघा.